शॉकअप सॉफ्ट केले, तरी गाडी मऊ का होत नाही?

प्रश्न : माझी गाडी छोटी हॅचबॅक आहे, वजन नऊशे किलोच्या आसपास. गेल्या दिवाळीत तिला बाहेरून आणलेले ॲडजस्टेबल कॉइलओव्हर बसवून घेतले आणि चाकंही १५ इंचांवरून १७ इंचांची केली. गाडी दिसते झकास, वळणावर चिकटून चालते. पण आई आता मागे बसायला तयार नाही. शॉकअपवर ३२ क्लिकचा खटका आहे. तो पूर्ण सॉफ्टला नेला तर धक्के तितकेच बसतात आणि वर गाडी डोलायला लागते. हार्डला नेला तर बोलायलाच नको. मेकॅनिक म्हणतो, 'स्प्रिंग जरा ढिली करू, गाडी मऊ होईल.' कंपनीचे शॉकअप परत लावावेत की यातूनच काही साधेल? आणि मुळात सॉफ्ट केल्यावर गाडी मऊ का होत नाही?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : साधेल, बरंचसं साधेल. कंपनीचे शॉकअप जपून ठेवा, पण इतक्यात बसवू नका. आणि मेकॅनिकला स्प्रिंग ढिली करू देऊ नका. तुमच्या गाडीला त्याने उलटाच परिणाम होईल. का, ते पुढे येईलच.

आधी खटक्याबद्दल. गाडीचा भार उचलते स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगच्या हालचालीला आवर घालण्याचं. नळीत तेल असतं, त्यातून पिस्टन सरकतो, आणि पिस्टनमधल्या बारीक वाटांतून तेल जाताना जो विरोध होतो तोच आवर. हा विरोध वेगावर ठरतो. ऑफिसच्या दाराला वरती क्लोजर असतो, तसं समजा: दार हळू ढकललं तर सहज उघडतं, धसमुसळेपणाने ढकललं तर अडून बसतं.

मध्यम किमतीच्या बहुतेक कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचांत, खटका फिरवला की आत एक सुई सरकते आणि तेलाची एक छोटी आडवाट उघडते किंवा मिटते. पिस्टन सावकाश चालत असतो तेव्हा या आडवाटेला महत्त्व. वळणावर गाडी कलते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, स्पीडब्रेकर ओलांडल्यावर अंग वर-खाली होतं, या सगळ्या सावकाश हालचाली आहेत. खड्ड्याची कड, उखडलेला पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या वर आलेलं ड्रेनेजचं झाकण, इथे मात्र पिस्टन कितीतरी पट वेगाने झटकला जातो. तेवढं तेल त्या आडवाटेत मावत नाही. ते पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्यांची चळत वाकवून वाट काढतं, आणि ती चळत बाहेरच्या खटक्याने बदलत नाही. म्हणून सॉफ्टला नेल्यावर डोलणं वाढलं आणि धक्का होता तिथेच राहिला. तुमचा खटका बिघडलेला नाही.

मग धक्का येतो कुठून? तुमच्या बाबतीत मला तीन जागांचा संशय आहे: स्प्रिंगचा कडकपणा, शॉकअपला दबायला उरलेली जागा, आणि टायर. यातली दुसरी जागा सगळ्यात दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

स्प्रिंगचा हिशेब वहीत करता येतो. कॉइलओव्हरच्या स्प्रिंगवर किंवा खोक्यावर कडकपणाचा आकडा छापलेला असतो, किलो प्रति मिलिमीटरमध्ये. ५ किलोची स्प्रिंग म्हणजे ५ किलो भाराला १ मिलिमीटर दबणारी. तुमच्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर चाक-ब्रेकचं वजन वगळून साधारण २६० किलो भार येतो असं धरू. कंपनीची स्प्रिंग २ किलोच्या आसपासची असेल तर ती या भाराने १३ सेंटिमीटर दबते. ५ किलोची फक्त ५.२ सेंटिमीटर. आता एक सोपं सूत्र: या सेंटिमीटरचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. मिळतो तो त्या कोपऱ्याचा डोलण्याचा वेग, दर सेकंदाला इतक्या वेळा. कंपनीच्या स्प्रिंगला १.४, नव्या स्प्रिंगला २.२.

हे आकडे लहान दिसतात, पण त्यांतच सगळं आहे. घरगुती गाडी साधारण १ ते १.५ या पट्ट्यात ठेवतात. माणसाच्या चालण्याचा ठेकाही याच सुमाराचा असतो आणि शरीराला तो सवयीचा असतो. २ च्या वर शर्यतीच्या गाड्यांचा प्रदेश सुरू होतो. दुसऱ्या टोकाला, उभ्या हादऱ्यांना माणसाचं धड सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. आयएसओ २६३१ हे हादऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानक याच पट्ट्याला सर्वाधिक वजन देतं. आता मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारखा काँक्रीटचा रस्ता घ्या. अशा रस्त्यांवर आडवे सांधे साधारण साडेचार-साडेचार मीटरवर असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला २७.८ मीटर जाता, म्हणजे सेकंदाला सहाहून थोडे जास्तच सांधे. नेमके त्या हळव्या पट्ट्याच्या मधोमध! शॉकअपचा भाग बाजूला ठेवून नुसत्या स्प्रिंगचं गणित केलं, तर २.२ वाली गाडी १.४ वाल्या गाडीपेक्षा हा हादरा अडीच पटींहून जास्त आत पोचवते. आईंच्या तक्रारीला भक्कम आधार आहे.

स्प्रिंग कडक झाली की शॉकअपचा आवरही वाढावा लागतो. अडीचपट कडक स्प्रिंगला आधीइतकंच शांत ठेवायला सुमारे १.६ पट आवर लागतो. पूर्ण सॉफ्टला गाडी डोलते ती यामुळे: कडक स्प्रिंग मोकाट सुटते. क्लिक हे स्प्रिंगच्या मापाने लावायचे असतात. आराम वाढवायचा खटका म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की हमखास गोंधळ होतो.

आता दबायच्या जागेबद्दल, आणि इथे जरा रेंगाळू. समजा तुमच्या पुढच्या शॉकअपचा एकूण प्रवास १२० मिलिमीटर आहे. गाडी जमिनीवर उभी राहिली की त्यातले ५२ मिलिमीटर भारानेच संपतात. उरले ६८. दांड्यावर रबराचा किंवा फोमचा बंप स्टॉपर असतो, तो ४० मिलिमीटर उंच असेल तर मोकळी जागा राहिली अवघी २८ मिलिमीटर. त्यानंतर गाडी स्प्रिंगवर चालत नाही, स्टॉपरवर चालते, आणि स्टॉपर स्प्रिंगच्या अनेक पटींनी कडक असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ नुसार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर या मापाचे किती असतात हे तुम्ही जाणताच. त्यांच्यापुढे २८ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. खाली केलेल्या गाड्यांच्या मालकांना जो 'कडक सस्पेन्शन'चा त्रास होतो, त्यातला मोठा भाग स्टॉपरवर आपटण्याचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

हे तपासायला खर्च नाही. शॉकअपचा चकचकीत दांडा दिसत असेल तर त्याला एक छोटा केबल टाय बांधा, घट्ट पण सरकेल असा, आणि नळीच्या तोंडाशी टेकवून ठेवा. रोजच्या रस्त्यावर फिरून या. टाय वर सरकून स्टॉपरला भिडला असेल तर निदान झालं. काही महागड्या शॉकअपमध्ये नळी उलटी असते आणि दांडा दिसत नाही. तिथे स्टॉपरवरच्या ताज्या दबल्याच्या खुणा पाहाव्या लागतात.

उपाय शॉकअपच्या रचनेवर अवलंबून आहे. नळीवर आटे असतात आणि त्यावर स्प्रिंगची बैठक फिरते. काही संचांत उंची बदलायला एवढी एकच सोय असते. बैठक वर नेली की गाडी उचलली जाते, दांडा जास्त बाहेर राहतो, दबायची जागा वाढते. दुसऱ्या प्रकारात नळीच खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर वर-खाली होते, आणि स्प्रिंगची बैठक वेगळी. इथे ब्रॅकेटने गाडी कितीही उचला, शॉकअपच्या आतली जागा तेवढीच राहते. ती वाढते स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवल्याने, ज्याला गॅरेजमध्ये प्रीलोड म्हणतात. वरच्या उदाहरणात १५ मिलिमीटर प्रीलोड दिला तर गाडीच्या भाराने दांडा ५२ ऐवजी ३७ मिलिमीटरच आत जाईल आणि मोकळी जागा २८ वरून ४३ वर येईल. मग ब्रॅकेटने हवी ती उंची लावायची. या क्रमाने काम न केल्यामुळे चांगले, महागडे संच वाया जाताना दिसतात आणि वाईट वाटतं.

प्रीलोड दिला की स्प्रिंग कडक होते, हा गॅरेजमध्ये घट्ट बसलेला समज आहे. सरळ गुंडाळीची ५ किलोची स्प्रिंग दाबून ठेवली तरी ५ किलोचीच राहते. पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तेवढाच भार मागते. तुमच्या मेकॅनिकचा सल्ला याच समजातून आलेला आहे. ढिली केल्याने स्प्रिंग मऊ होणार नाही. गाडी मात्र दांड्यावर आणखी खाली बसेल, उरलेली २८ मिलिमीटरही जाईल आणि आपटणं वाढेल. उलट टोकाला जाऊन भाराच्या बरोबरीने प्रीलोड भरला, म्हणजे आपल्या उदाहरणात ५२ मिलिमीटर, तर चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक उतरायच्या ऐवजी अख्खा कोपराच आदळतो. एकूण प्रवासातला निम्म्याहून थोडा जास्त भाग दबायला आणि उरलेला लोंबायला, ही वाटणी आपल्या रस्त्यांना मानवते.

तर पहिलं काम: गाडी वर घ्या. कंपनीच्या उंचीपेक्षा १५ ते २० मिलिमीटरच खाली राहील इतकी. मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा फसवते. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा, चारही बाजूंना. उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट लागतंच. लॉक रिंगा घट्ट आहेत ना, ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही पाहून घ्या.

याच वेळी एक काम अगदी आग्रहाने करून घ्या. खालच्या आर्मच्या आणि मागच्या बीमच्या रबरी बुशांचे बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायला सांगा. हे बुश आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटवलेले असतात आणि पीळ खाऊन काम करतात. लिफ्टवर चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचे पिळलेले राहतात. स्प्रिंगवर आणखी एक रबरी स्प्रिंग चढते, छोट्या धक्क्यांना गाडी अडखळते, आणि बुश लवकर फाटतात. यासाठी पार्ट लागत नाही, पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि काही गाड्यांत नुसत्या एवढ्याने फरक पडतो.

टायरबद्दल थोडक्यात. १८५/६५ आर १५ टायरची भिंत १२० मिलिमीटर उंच असते. त्याच बाहेरच्या व्यासाच्या आसपास बसणाऱ्या २०५/४५ आर १७ ची ९२. रस्त्याची बारीक खरबड गिळणारी २८ मिलिमीटर हवा आणि रबर तुम्ही चाकाच्या धातूला दिलीत. १७ इंचांचा हट्ट सोडून १६ इंची चाक आणि १९५/५५ टायर घेतलात तर भिंत १०७ होते आणि व्यासही जमतो. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिली आहे तेवढीच, थंड टायरला. मात्र ते आकडे कंपनीच्या मापाच्या टायरसाठी असतात, म्हणून टायरचा भार-निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी नाही ना हे पाहा. आरामासाठी हवा कमी करू नका, कमी उंचीच्या टायरला खड्ड्यात रिम वाकायला वेळ लागत नाही.

आता क्लिक. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून शॉकअपमधलं तेल नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. खटका हार्डच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण मिटवा. जोर लावलात तर सुईचं टोक खराब होतं. मोजणी नेहमी या मिटलेल्या टोकापासून करायची, कारण सुई तिथे पक्की टेकते. चौदा-सोळा क्लिक उघडून सुरुवात करा, डावं-उजवं सारखं. रस्ता एकच ठरवा, ज्यात एक स्पीडब्रेकर, एक उखडलेला तुकडा आणि थोडा वेगाचा पट्टा येईल. आईंना मागे बसवा, कारण गाडी त्यांच्यासाठी लावायची आहे. मग एका वेळी पुढचे किंवा मागचे, चार-चार क्लिक, आणि वहीत टिपण.

स्पीडब्रेकरनंतर अंग एकदा खाली येऊन स्थिरावलं पाहिजे. दुसरी, तिसरी लाट आली तर आवर कमी आहे, हार्डकडे जा. याउलट ओळीने घातलेल्या रम्बलर पट्ट्यांवर गाडी पहिल्या पट्टीला बरी आणि पुढच्या प्रत्येक पट्टीला जास्त आदळत गेली, तर उलगडतानाचा आवर फार आहे. स्प्रिंगला दोन पट्ट्यांच्या मध्ये पूर्ण उलगडायला वेळच मिळत नाही, आणि गाडी पट्टीगणिक खाली बसत जाते. बऱ्याच एकखटकी शॉकअपमध्ये खटका मुख्यतः उलगडण्यावरच काम करतो, त्यामुळे ही खूण ओळखता आली पाहिजे. पुष्कळ जण तिला 'स्प्रिंग कडक' समजतात. काँक्रीटच्या सांध्यांवर टकटक आवाज स्टेअरिंगपर्यंत येत असेल आणि क्लिकने फरक पडत नसेल, तर वरचं माउंटिंग पाहा. कॉइलओव्हरसोबत अनेकदा धातूच्या गोळ्याचं माउंटिंग येतं. रोजच्या वापराला कंपनीचं रबरी माउंटिंग बसत असेल तर तेच बरं.

मागच्या सीटसाठी एक जुनी आणि सुंदर गोष्ट सांगतो. मॉरिस ऑली हा ब्रिटिश इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तिथे त्याने एका मोठ्या लिमोझिनवर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लादून, वेगवेगळ्या स्प्रिंगा लावून प्रवाशांना काय जाणवतं ते तपासलं. त्याला आढळलं की मागचा डोलण्याचा वेग पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवला तर प्रवास सपाट वाटतो. कारण साधं आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो. तुमच्या गाडीच्या दोन चाकांत २.४५ मीटर अंतर धरलं, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला मागचं चाक सुमारे ०.२२ सेकंदाने तिथे पोचतं. मागची बाजू किंचित चपळ असली की ती हा उशीर भरून काढते, आणि गाडी नाक-शेपूट न झुलवता एकसंध वर-खाली होते. 'किंचित' हा शब्द मात्र धरून ठेवा. तयार संचांत मागची स्प्रिंग पाच माणसं आणि सामान धरून भलतीच कडक दिलेली असते, आणि रिकाम्या हॅचबॅकच्या मागे भार पुढच्यापेक्षा बराच कमी असतो.

एवढं करून समाधान झालं नाही तर स्प्रिंग बदला, संच नको. कॉइलओव्हरच्या स्प्रिंगा ६०, ६२, ६५ मिलिमीटर अशा ठरावीक आतल्या व्यासात मिळतात. पुढे ३ किलोची घेतलीत तर आपल्या सूत्राने वेग २.२ वरून १.७ वर येतो. घरची गाडी आणि हौशी गाडी यांच्या मधली ही चांगली जागा आहे. फक्त ३ किलोची स्प्रिंग भाराने ५२ ऐवजी ८७ मिलिमीटर दबेल, म्हणून ती लांबीलाही जास्त घ्यावी लागेल, आणि पूर्ण दबल्यावर वेटोळी एकमेकांवर टेकता कामा नयेत. हे काम स्प्रिंग कंप्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच करा. दाबलेल्या स्प्रिंगची वरची नट घरी सोडणं जिवावर बेतू शकतं. मागे विचार करताना हेही लक्षात ठेवा की बीमवर स्प्रिंग चाकापेक्षा आत बसवलेली असते. चाक १० मिलिमीटर हलल्यावर स्प्रिंग ८ च दबत असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.८ च्या वर्गाने, म्हणजे ०.६४ पट होतो. मागच्या स्प्रिंगचा छापील आकडा पुढच्याशी थेट ताडून पाहू नका.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. आपल्या बदलाबद्दल आरटीओकडे विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हा मुद्दा निघण्यापेक्षा आज निघालेला बरा.

प्रश्न : मागची बाजू बसते म्हणून दुकानदार स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घालायला सांगतो. गाडी वर येईल आणि आरामही वाढेल, असं म्हणतो. घालू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाडी थोडी वर येईल, आराम वाढणार नाही. बफर ज्या वेटोळ्यांच्या मध्ये बसतो तेवढा भाग दबायचा थांबतो. सहा वेटोळी काम करत होती आणि एक अडलं, तर पाच उरली आणि स्प्रिंग वीसेक टक्क्यांनी कडक झाली. शिवाय जिथे रबर दाबून बसतं तिथे माती-पाणी साचतं, रंग खरवडतो आणि गंज धरतो. रोज भरलेली गाडी चालवणाऱ्याला तात्पुरता टेकू म्हणून ठीक, घरच्या गाडीला नको. आधी गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. तुमच्याच मॉडेलच्या कमी चाललेल्या गाडीशी ताडून पाहा. वीसेक मिलिमीटरचा फरक निघाला, किंवा डावी-उजवी बाजू जुळली नाही, तर स्प्रिंग थकली आहे. मागच्या दोन्ही स्प्रिंगा कंपनीच्याच घ्या, जोडीने बदला, आणि शॉकअपला तेलाचा ओघळ दिसला तर तेही त्याच वेळी.